नाव कोणाच्या भाषेतले? ऑस्ट्रेलियातील मूलनिवासी स्थळनामांविषयी वाचकांचे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यातील गावांच्या नावांविषयी या सदरात मजकूर प्रसिद्ध झाल्यानंतर जी पत्रे आली, त्यांत ऑस्ट्रेलियातील नावांविषयी विचारणा करणारी पत्रे बरीच होती. शहरातील अनेक घरांतील मुले-मुली आता सिडनी-मेलबर्नकडे स्थायिक झालेली असल्याने त्यांच्या पत्त्यांतील अनोळखी नावांविषयी घरच्यांना कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. त्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरांत 'मूलनिवासी' हा शब्द ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरील ॲबोरिजिनल समाजांसाठी वापरला आहे. १७८८ मध्ये इंग्रजांची पहिली वसाहत झाली तेव्हा या समाजांच्या अडीचशेहून अधिक स्वतंत्र भाषा होत्या, ही एक गोष्ट पुढील प्रत्येक उत्तर वाचताना ध्यानात असू द्यावी.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई सिडनीजवळ पॅरामाटा येथे राहतात. हे नाव संस्कृत 'परमात्मा' या शब्दावरून आले असल्याचे तिकडच्या एका परिचितांनी सांगितले. हे खरे आहे का? (एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : हे खरे नाही. दोन शब्द कानाला सारखे लागले एवढ्यावरून त्यांचे नाते जोडता येत नाही. असे नाते जोडायचे तर ती माणसे, तो काळ आणि ती भाषा यांचा काही संबंध दाखवता आला पाहिजे, आणि येथे तो मुळीच दाखवता येत नाही.

सिडनीच्या परिसरातील मूलनिवासींची भाषा दारुग. या परिसरात नदीकाठी राहणाऱ्या कुळाला 'बुरामाटागल' म्हणत. शेवटचा 'गल' हा त्या त्या ठिकाणचे लोक दाखवतो. सिडनी बंदराच्या भोवतालची 'गाडीगल', 'कॅमेरेगल' ही कुळांची नावेही याच पद्धतीची आहेत. 'गल' काढला की उरते ते 'बुरामाटा', आणि त्याचा अर्थ 'वाम मासे जिथे विसावतात ती जागा' असा दिला जातो. आपल्याकडे भीमेच्या पाण्यात मिळणारी वाम ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या सापासारख्या लांब माशाची ओळख करून देण्याची गरज नाही. पॅरामाटा येथे समुद्राच्या भरतीचे खारे पाणी संपते आणि नदीचे गोडे पाणी सुरू होते. तेथील लांब पराची वाम आयुष्याचा बहुतेक काळ गोड्या पाण्यात घालवते, आणि प्रजननासाठी मात्र नदीतून उतरून दूर कोरल समुद्रापर्यंत जाते. म्हणजे ज्या जागी दोन पाणी मिळतात आणि मासा हमखास सापडतो, त्या जागेला माशावरून नाव पडले. पोटापाण्याशी इतके घट्ट बांधलेले नाव असताना त्यात परमात्मा शोधण्याचे कारण उरत नाही.

इंग्रजांनी नोव्हेंबर १७८८ मध्ये तेथे वस्ती केली तेव्हा तिला 'रोझ हिल' हे आपले नाव दिले होते. १७९१ मध्ये गव्हर्नर आर्थर फिलिप यांनी ते बदलून मूळ नाव स्वीकारले. ब्रिटिश वसाहतीच्या अगदी आरंभीच्या काळात इंग्रजी नाव मागे घेऊन मूलनिवासी नाव स्वीकारल्याचे हे एक उदाहरण आहे. शहराच्या रग्बी संघाचे नावही वाम माशावरूनच 'ईल्स' असे आहे. आपल्या जावयांना ते निश्चित ठाऊक असेल.

त्या काळातील सिडनीच्या भाषेविषयी आज आपल्याला जे कळते, त्याचा फार मोठा भाग विल्यम डॉज या तरुण नौदल अधिकाऱ्याच्या वह्यांमुळे कळतो. पत्येगारांग नावाच्या एका मूलनिवासी मुलीकडून ऐकलेली वाक्येच्या वाक्ये त्याने या वह्यांत उतरवून ठेवली. ही मुलगी नसती तर आज त्या भाषेतील अनेक शब्दांचा उच्चारही आपल्यापर्यंत पोहोचला नसता, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : भूगोलाच्या पुस्तकात 'वागा वागा', 'वॉय वॉय' अशी दुहेरी नावे दिसतात. नाव दोनदा उच्चारण्यामागे काय हेतू असावा? वागा वागा म्हणजे 'कावळ्यांचे गाव' असे मी वर्गात शिकवत आलो आहे. (एक शिक्षक, मोहोळ)

उत्तर : शब्द दोनदा उच्चारून 'पुष्कळ' हा अर्थ साधणे ही अनेक ऑस्ट्रेलियन भाषांची रीत आहे. मराठीलाही ती परकी नाही. 'गावोगाव', 'ढीगच्या ढीग' म्हणताना आपण तेच करतो. तेथील इंग्रज रहिवासी मात्र ही द्विरुक्ती बोलताना गाळतात आणि शहराला नुसते 'वागा' म्हणतात.

अर्थाविषयी मात्र आपल्याला वर्गात थोडा बदल करावा लागेल. वागा वागा हे न्यू साउथ वेल्स राज्यातील मरम्बिजी नदीकाठचे शहर विराजुरी लोकांच्या भूमीवर वसलेले आहे. विराजुरी भाषेत कावळ्याला 'वागान' म्हणतात. या साधर्म्यावरून 'पुष्कळ कावळ्यांची जागा' हा अर्थ गेल्या शतकात सर्वत्र रूढ झाला आणि पुस्तकांतून, पर्यटकांसाठीच्या माहितीपत्रकांतून तोच पुढे चालत राहिला. विराजुरी ज्येष्ठांचे म्हणणे निराळे होते. शहराच्या नावातील शब्द 'वागान' नसून नाचणे या अर्थाच्या धातूशी जोडलेला आहे, असे ते सांगत आले. विराजुरी समाजातील ज्येष्ठ स्टॅन ग्रँट, ज्यांचे पत्रकार पुत्रही त्याच नावाचे आहेत, यांनी भाषाभ्यासक जॉन रडर यांच्यासह विराजुरीचा शब्दकोश तयार केला, आणि जवळजवळ बोलण्यातून गेलेली ही भाषा पुन्हा शाळांपर्यंत आणली. पुढे २०१९ मध्ये शहराच्या परिषदेने कावळ्यांचा अर्थ अधिकृतपणे बाजूला ठेवून 'अनेक नृत्यांचे आणि उत्सवांचे ठिकाण' हा अर्थ स्वीकारला.

कावळ्यांचा अर्थ चुकीचा ठरला म्हणून तो वर्गातून काढून टाकू नये, अशी माझी विनंती आहे. विद्यार्थ्यांना दोन्ही अर्थ सांगावेत आणि पहिला अर्थ कोणी लिहिला, दुसरा कोणी सांगितला, हेही सांगावे. स्थळनामांच्या अभ्यासात अर्थाइतकेच महत्त्व तो अर्थ कोणाच्या तोंडून आला याला आहे.

प्रश्न : इंग्रजांनी आपल्या सोलापूरचे 'शोलापूर' केले. ऑस्ट्रेलियातील नावांचेही त्यांनी असेच विकृतीकरण केले का? (एक सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी, कुर्डुवाडी)

उत्तर : केले, आणि त्याची कारणे सोलापूरपेक्षा अधिक खोल आहेत.

आपल्या शहराच्या बाबतीत निदान लिखित पुरावा हाताशी आहे. 'सोळा गावांचे मिळून सोलापूर' ही व्युत्पत्ती आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. परंतु शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या काळातील, म्हणजे बाराव्या शतकातील, लेखांत या गावाचे नाव 'सोन्नलगे' असे येते. मोहोळ तालुक्यातील कामती येथील शके १२३८ च्या संस्कृत शिलालेखात ते 'सोनलीपूर' होते, आणि किल्ल्यातील लेखांत 'सोनलपूर' व 'संदलपूर' अशी रूपे दिसतात. म्हणजे कन्नड नावाला संस्कृत 'पूर' कसे जोडले गेले आणि पुढे ते कसे झिजले, हे आपण पायरीपायरीने दाखवू शकतो. ऑस्ट्रेलियातील भाषांना लिपी नव्हती. त्यामुळे जे नाव एका इंग्रजी कानाने एकदा ऐकले आणि नकाशावर लिहिले, तेच बहुतेक वेळा एकमेव साधन म्हणून उरले.

त्यात ध्वनींचा प्रश्न होता. बहुतेक ऑस्ट्रेलियन भाषांत 'प' आणि 'ब', 'क' आणि 'ग', 'त' आणि 'द' यांच्यात अर्थभेद होत नाही. मराठीत 'काय' आणि 'गाय' हे दोन शब्द आहेत. त्या भाषांत तो एकच शब्द ठरला असता. म्हणून 'बुरामाटा' आणि 'पॅरामाटा' यांपैकी इंग्रजांना नेमके काय ऐकू आले, हा ऐकणाऱ्याच्या सवयीचा भाग होता. दुसरी अडचण 'ङ'ची. आपण वर्णमालेत 'ङ' शिकतो, पण त्याने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. ऑस्ट्रेलियात असे शब्द विपुल आहेत. कॅनबेराच्या परिसरातील 'ङुनावल' लोकांचे नाव उच्चारताना इंग्रजी भाषकांची आजही तारांबळ उडते. तिसरी अडचण मूर्धन्य वर्णांची होती. 'ट', 'ड', 'ण', 'ळ' म्हणताना जीभ टाळूकडे मागे वळते. असे ध्वनी अनेक ऑस्ट्रेलियन भाषांत आहेत आणि रोमन लिपीत त्यांच्यासाठी स्वतंत्र अक्षरेच नाहीत, म्हणून मध्य ऑस्ट्रेलियातील पिट्जांट्जाट्जारा भाषा लिहिताना अशा अक्षरांखाली रेघ देतात. 'उलुरू'मधील 'र' हा असाच, खाली रेघ असलेला आहे.

याहून मोठी हानी गैरसमजुतीने झाली. मेलबर्नमधून वाहणाऱ्या नदीचे 'यारा' हे नाव जॉन हेल्डर वेज या भूमापकाने १८३५ मध्ये दिले. पाणी जिथे खडकांवरून खाली वाहत होते, तेथे बरोबरच्या मूलनिवासींनी उच्चारलेला शब्द त्याने नदीचे नाव समजून टिपून घेतला. तो शब्द वाहत्या, कोसळत्या पाण्याविषयीचा होता, हे त्याला स्वतःलाही नंतर कळले. तोवर नकाशा तयार झालेला होता. नदीचे वोइवुरुंग भाषेतील नाव 'बिरारुंग' आहे. व्हिक्टोरिया राज्याने २०१७ मध्ये या नदीच्या संरक्षणासाठी जो कायदा केला, त्याच्या शीर्षकातच 'बिरारुंग जिवंत ठेवा' या अर्थाचे वोइवुरुंग शब्द घातले आहेत.

काही नावे तर आपली भूमी सोडून भलतीकडे गेली. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर 'कूलंगाटा' नावाचे गाव आहे. तेथील मूलनिवासी भाषेत त्याचा अर्थ शोधून उपयोग नाही, कारण ते नाव मुळात शेकडो किलोमीटर दक्षिणेकडील शोलहेवन नदीजवळच्या एका जहागिरीचे. तेथे बांधलेल्या जहाजाला ते दिले गेले, ते जहाज १८४६ मध्ये उत्तरेकडे किनाऱ्यावर फुटले आणि पुढे त्या जागी वसलेल्या गावाला जहाजाचे नाव मिळाले. नाव मूलनिवासी आहे, पण त्या जागेचे नाही.

सगळेच भूमापक बेपर्वा होते असे मात्र म्हणता येणार नाही. न्यू साउथ वेल्सचे मुख्य भूमापक थॉमस मिचेल यांनी मूळ नावे जतन करण्याचा आग्रह धरला. त्यांचे कारण व्यावहारिक होते: स्थानिक माणसाला विचारून तीच जागा पुन्हा शोधता येते.

प्रश्न : उलुरू या प्रसिद्ध खडकाच्या नावाचा अर्थ काय? इंटरनेटवर निरनिराळे अर्थ मिळतात. (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : पिट्जांट्जाट्जारा भाषेत 'उलुरू' हे त्या खडकाचे नाव आहे आणि नावापलीकडे त्याला वेगळा कोशगत अर्थ नाही. हे उत्तर अपुरे वाटेल, पण ते पूर्ण आहे. 'भीमा' म्हणजे काय असे कोणी विचारले तर आपण व्याकरणाने 'भयंकर' असे उत्तर देऊ, परंतु पंढरपूरच्या वाळवंटात उभ्या असलेल्या वारकऱ्याला त्या नावात तो अर्थ ऐकू येत नाही. उलुरूच्या बाबतीत तर असा व्याकरणाचा धागाही हाती लागत नाही, आणि तेथील आनांगू लोकांनाच त्याची गरज वाटत नसताना इतरांनी तो रचण्याचे कारण नाही.

शेजारच्या डोंगरांचे नाव मात्र सरळ अर्थाचे आहे. 'काटा ट्जुटा' म्हणजे 'पुष्कळ डोकी'. घुमटासारख्या गोल डोंगरांचा तो समूह छायाचित्रात पाहिला की नाव आपोआप पटते. १८७२ मध्ये अर्नेस्ट जाइल्स या प्रवाशाच्या नोंदींतून त्यांना व्युर्टेम्बर्गच्या राणी ओल्गाचे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी, १९ जुलै १८७३ रोजी, विल्यम गॉस याने उलुरू पाहिला आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या राज्यकारभारातील हेन्री एअर्स यांच्या नावावरून त्याला 'एअर्स रॉक' म्हटले. ३४८ मीटर उंचीच्या आणि हजारो वर्षे नाव असलेल्या खडकाला अशा रीतीने एका पदाधिकाऱ्याचे नाव चिकटले आणि शंभर वर्षांहून अधिक काळ जगाने तेच वापरले. १९८५ मध्ये ही भूमी आनांगूंना परत देण्यात आली. १९९३ मध्ये 'एअर्स रॉक / उलुरू' असे जोडनाव अधिकृत झाले आणि २००२ मध्ये क्रम उलटून 'उलुरू / एअर्स रॉक' असा झाला.

एखादे नाव संपूर्ण वाक्याचा ऐवज कसे होऊ शकते, याचेही उदाहरण याच भाषेत आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात 'मामुंगकुकुम्पुरांगकुंट्जुन्या' नावाची टेकडी आहे. ऑस्ट्रेलियातील हे सर्वांत लांब अधिकृत स्थळनाम मानले जाते. 'मामु' म्हणजे दुष्ट भूत, शेवटचा 'न्या' हा विशेषनाम दाखवणारा प्रत्यय, आणि संपूर्ण नावाचा अर्थ 'भूत जिथे लघुशंका करते ती जागा' असा. अशा नावांमागे पूर्वजांच्या प्रवासाच्या कथा असतात, आणि कथा ठाऊक असल्याशिवाय शब्दार्थाला बळ येत नाही. आनांगू ज्याला 'चुकुर्पा' म्हणतात, त्या परंपरेतील काही कथा परक्यांना सांगायच्याच नसतात. त्यामुळे काही नावांचा अर्थ ज्ञात असूनही छापलेला सापडणार नाही, आणि त्या मौनाचा आपण आदर राखला पाहिजे.

प्रश्न : 'कांगारू' म्हणजे 'मला माहीत नाही' ही गोष्ट खरी का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : नाही. १७७० मध्ये इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक यांचे जहाज आजच्या कुकटाउन येथे दुरुस्तीसाठी थांबले असताना गुगु यिमिधिर भाषेतून हा शब्द टिपला गेला. त्या भाषेत 'गांगुरू' हे मोठ्या काळसर कांगारूच्या एका जातीचे नाव आहे. भाषाशास्त्रज्ञ जॉन हॅविलँड यांनी १९७० च्या दशकात त्या लोकांत राहून याची खात्री केली. दंतकथा टिकून राहिली याचे एक कारण असे की, इतर भागांत गेलेल्या इंग्रजांनी तोच शब्द उच्चारला तेव्हा तेथील लोकांना तो समजला नाही. अडीचशे भाषांच्या देशात दुसरे काय होणार?

प्रश्न : पर्थकडील बऱ्याच गावांची नावे 'अप'ने संपतात. ते का? (त्याच वाचकांचा दुसरा प्रश्न)

उत्तर : ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्येकडील नूंगार भाषेत हा प्रत्यय 'जागा' दाखवतो, जसे आपल्याकडे 'वाडी' किंवा कन्नडमध्ये 'हळ्ळी'. मंजिमप, जूनडालप, नॅनप ही त्याची उदाहरणे. 'कॉवारामप' हे नाव 'कॉवारा' या लहान पोपटावरून आले आहे. इंग्रजी कानांना त्यात गाय ऐकू येते, आणि परिसर दुधदुभत्याचा असल्याने गावात जागोजागी गाईंचे पुतळे उभे केलेले आहेत. पोपटाचे गाव गाईंचे झाले, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : जुनी नावे परत देण्याने प्रत्यक्षात काय साधते? पाट्या बदलण्याचा खर्च तेवढा होतो. (एक व्यापारी, नवी पेठ)

उत्तर : खर्च होतो हे मान्य. पण नाव कोणाच्या गौरवासाठी लावले गेले होते, हेही पाहावे लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका पर्वतरांगेला बेल्जियमच्या राजा लिओपोल्डचे नाव होते. काँगोतील त्याच्या राजवटीने केलेल्या अत्याचारांचा इतिहास सर्वज्ञात आहे, आणि त्या राजाचा ऑस्ट्रेलियाशी काडीचाही संबंध नव्हता. २०२० मध्ये त्या रांगेला 'वुनामिन मिलिवुंडी' हे नाव मिळाले, जे तेथील दोन समाजांनी वापरलेल्या नावांना जोडून केलेले आहे. क्वीन्सलँडजवळील वाळूच्या प्रचंड बेटाला १८३६ मधील जहाजफुटीतून वाचलेल्या एलायझा फ्रेझर यांच्या संबंधाने 'फ्रेझर' नाव रूढ झाले होते. त्यांनी नंतर बुच्चुला लोकांविषयी सांगितलेल्या भडक हकिकतींनी त्या समाजाची अतिशय बदनामी झाली. ज्यांची निंदा झाली त्यांच्याच भूमीला निंदा करणाऱ्या व्यक्तीचे नाव, ही स्थिती जून २०२३ मध्ये संपली आणि बेटाला 'गरी' हे बुच्चुला नाव अधिकृतपणे परत मिळाले. 'गरी' ही त्यांच्या सृष्टिकथेतील एक देवता आहे. पाटीचा खर्च या तराजूत घालून पाहावा, एवढेच मी सुचवेन.

प्रश्न : माझ्या मुलाने मेलबर्नच्या पश्चिमेस वेरिबी येथे घर घेतले आहे. घराला तेथील मूलनिवासी भाषेतील सुंदर नाव द्यावे अशी त्याची इच्छा आहे. इंटरनेटवरील यादीतून 'शांत पाणी' या अर्थाचे नाव निवडले आहे. ते योग्य ठरेल का? (एक वाचक, होटगी रोड)

उत्तर : इच्छा चांगली आहे, म्हणूनच थोडी सावधगिरी सुचवतो. अशा याद्यांत शब्द आणि अर्थ असतो, भाषेचे नाव बहुधा नसते. घरे, नौका, बंगले यांना नावे देण्यासाठी गोड शब्दांचे संग्रह विसाव्या शतकात बरेच छापले गेले, आणि आजच्या अनेक याद्या त्यांच्यावरूनच उतरवलेल्या आहेत. त्यांतील 'शांत पाणी' क्वीन्सलँडच्या एखाद्या भाषेतील असू शकते, किंवा कोणत्याच भाषेतील नसू शकते. राजधानीच्या नावाबाबतसुद्धा परिस्थिती सोपी नाही. १२ मार्च १९१३ रोजी लेडी डेनमन यांनी 'कॅनबेरा' हे नाव जाहीर केले. त्याचा 'भेटीची जागा' हा अर्थ सर्वत्र सांगितला जातो, तर दोन टेकड्यांमधील सखल भागाला स्त्रीच्या वक्षस्थळांमधील जागेची उपमा दिली असल्याचे काही जण मानतात. वाद अजून मिटलेला नाही.

आपल्या मुलाच्या गावाचे नाव मात्र स्वतःच विचार करण्यासारखे आहे. 'वेरिबी' म्हणजे पाठीचा कणा, आणि ते मुळात नदीचे नाव. या नदीच्या परिसरात वाथाउरुंग, वोइवुरुंग आणि बूनवुरुंग अशा तीन भाषक समाजांच्या भूमी एकमेकींना भिडतात. म्हणून प्रथम घर नदीच्या कोणत्या बाजूस आणि कोणाच्या परंपरागत भूमीत येते, हे त्याने पाहावे. मेलबर्नमध्ये 'व्हिक्टोरियन ॲबोरिजिनल कॉर्पोरेशन फॉर लँग्वेजेस' ही संस्था राज्यातील मूलनिवासी भाषांसाठीच काम करते. तिच्यामार्फत किंवा थेट त्या समाजाच्या संस्थेकडे पत्राने परवानगी मागावी, शब्दाचा उच्चार त्यांच्याकडून ऐकून घ्यावा, आणि त्यांनी नकार दिल्यास तो मान्य करावा. होकार मिळाला तर घराच्या पाटीवर नावाखाली लहान अक्षरांत भाषेचे नावही लिहून ठेवावे. तोपर्यंत आपल्या घराण्यातील एखादे मराठी नाव दारावर लावण्यास काहीच हरकत नाही.